मी धूर मोजते

“तुम्ही काय काम करता?” असं मला कुणी विचारलं की मी सांगते, “मी धूर मोजते.” मग विचारणाऱ्याचा चेहरा अगदी बघण्यासारखा होतो. धूर काय मोजायचा? तो काय दूध आहे, मापाने घालायला? माझी आई तर शेजारच्या काकूंना “मुलगी इंजिनिअर आहे हो” एवढंच सांगते आणि पटकन विषय बदलते!

पण काम खरोखर तेच आहे. पुण्याजवळ इंजिनांची परीक्षा घ्यायची एक जागा आहे, तिथे मी नोकरी करते. परीक्षेला बसणारं इंजिन गाडीत नसतं. ते एका जड लोखंडी बैठकीवर बोल्टांनी घट्ट आवळलेलं असतं. चाकांच्या जागी त्याला डायनॅमोमीटर नावाचं यंत्र जोडतात. आम्ही त्याला लाडाने ‘डायनो’ म्हणतो. हा डायनो इंजिनाला हवा तेवढा भार देतो. सपाट रस्त्याचा भार, चढाचा भार, माल भरलेल्या ट्रकचा भार! म्हणजे आमचं इंजिन जागचं न हलता खंबाटकी घाट चढतं म्हणा ना. आम्ही शेजारच्या खोलीत, जाड काचेच्या खिडकीआड बसून आकडे पाहत असतो.

गेली काही वर्षं आमच्याकडे हायड्रोजनवर चालणारी इंजिनं येऊ लागली आहेत. आणि तेव्हापासून माझ्या नववीतल्या भाच्याने माझा पिच्छा पुरवला आहे.

“मावशी, हायड्रोजन जळला की पाणी तयार होतं ना? आमच्या पुस्तकात लिहिलंय.”

“हो, बरोबर आहे.”

“मग धूर येतच नसणार. तू मोजतेस काय? पाणी?”

प्रश्न बिनतोड होता. त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येईना. म्हणून म्हटलं, तुम्हां सगळ्यांनाच सविस्तर सांगावं.

पुस्तकात लिहिलंय ते खोटं नाही. हायड्रोजन जळतो म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि पाणी तयार होतं. किती? एक किलो हायड्रोजन जळला तर नऊ किलो पाणी! पेट्रोल-डिझेलमध्ये कार्बन असतो, म्हणून त्यांच्या धुरात कार्बन डायऑक्साइड येतो, कार्बन मोनॉक्साइड येतो, काळी काजळी येते. हायड्रोजनमध्ये कार्बनच नाही. मग या गोष्टी येणार कुठून?

हायड्रोजनचं इंजिन ही काही आजकालची कल्पनाही नाही बरं का. इझाक द रिवाझ नावाच्या संशोधकाने १८०७ मध्येच हायड्रोजनवर चालणारं इंजिन बनवलं होतं. विजेच्या ठिणगीने तो हायड्रोजन पेटवायचा. पेट्रोलची मोटार यायला तेव्हा कितीतरी वर्षं अवकाश होता. आता पुन्हा जगभर या इंजिनाकडे लोक वळले आहेत. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सने हायड्रोजनच्या ट्रकांच्या रस्त्यावरच्या चाचण्या सुरू केल्या. त्यांत दोन तऱ्हेचे ट्रक आहेत. काहींत हायड्रोजनपासून फ्युएल सेलमध्ये वीज बनते, आणि काहींत हायड्रोजन सरळ इंजिनात जाळला जातो. आपण बोलतोय ते या दुसऱ्या तऱ्हेबद्दल.

आता खरी मेख ऐका. हायड्रोजन जळायला ऑक्सिजन लागतो, पण इंजिन काही निवडून फक्त ऑक्सिजन ओढत नाही. ते आपली साधी हवा ओढतं. आणि हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी हा नायट्रोजन मोठा गरीब स्वभावाचा वायू. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण हायड्रोजनची ज्योत भलती गरम. हवेत पुरेपूर जळाला तर तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. एवढ्या आचेत हा गरीब नायट्रोजनसुद्धा ऑक्सिजनशी हातमिळवणी करतो. त्यातून नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. दोघांना मिळून आम्ही ‘नॉक्स’ म्हणतो.

हा नॉक्स घसा आणि फुप्फुसं चुरचुरवतो. दमा असलेल्या मुलांना तर तो फारच बाधतो. उन्हात त्याच्यापासून ओझोन बनतो. वर आकाशात ओझोन आपलं रक्षण करतो खरा, पण नाकाशी आला की तोच त्रासदायक. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, काळजीची गोष्ट म्हणजे, थोड्या प्रमाणातला नॉक्स डोळ्यांना दिसतच नाही. इंजिनाच्या नळीतून पांढरी शुभ्र वाफ येते, बघणाऱ्याला वाटतं, वा, काय स्वच्छ! दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते असं.

यावर इलाज आहे. इंजिनात लागते त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त हवा घालायची. मग ज्योत इतकी तापत नाही आणि नॉक्स अगदी थोडा होतो. पण भार अचानक वाढला, घाट लागला, ओव्हरटेक करायचं झालं, की जास्त इंधन लागतं, आच वाढते आणि नॉक्स पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून ‘हायड्रोजनचं इंजिन स्वच्छ असतं’ एवढं म्हणून भागत नाही. हे इंजिन, या भाराला, किती स्वच्छ, ते मोजावंच लागतं. दहा लाख कणांत नॉक्सचे किती कण, असा हा हिशोब असतो. त्याला ‘पीपीएम’ म्हणतात. दहा लाखांत चाळीस कण शोधायचे! गहू निवडताना खडे शोधतो तसंच, फक्त पोतं फार मोठं.

हे खडे शोधायची युक्ती मला फार आवडते. तुम्ही काजवा पाहिलाय ना? त्याच्या पोटात रासायनिक क्रिया होते आणि थंड प्रकाश पडतो. आमच्या यंत्रातही असाच काजवा आहे. इंजिनाच्या नळीतून थोडा वायू ओढून घ्यायचा आणि त्यात ओझोन सोडायचा. नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन यांची गाठ पडली की अतिशय मंद प्रकाश निघतो. जितका नायट्रिक ऑक्साइड जास्त, तितका प्रकाश जास्त. तो प्रकाश मोजला की झालं. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र असा चमकत नाही, म्हणून आधी एका तापलेल्या डबीतून नेऊन त्याचं नायट्रिक ऑक्साइड करून घेतात. मग दोघंही मोजले जातात.

ऐकायला सोपं वाटलं ना? पण इथे भाच्याचं ते ‘पाणी’ आडवं येतं.

हायड्रोजनच्या इंजिनातून येणाऱ्या वायूत पाचातला जवळजवळ एक भाग वाफच असते. हवा दुप्पट घातली तेव्हाचा हा हिशोब. हवा कमी घातली तर वाफेचा वाटा आणखी वाढतो. कुकरचं झाकण काढल्यावर आतल्या बाजूला थेंब लटकलेले असतात. तसंच इथे होतं. वायू साठ अंशांच्या आसपास थंड झाला, की नळीत पाण्याचे थेंब धरायला लागतात. नायट्रोजन डायऑक्साइडला तर पाण्यात विरघळायला फार आवडतं. तो थेंबात शिरून बसतो आणि यंत्रापर्यंत पोचतच नाही. यंत्र बिचारं म्हणतं, “मला नाही बुवा दिसला.” आकडा कमी येतो.

बरं, वाफ थंड होऊ न देता तशीच यंत्रात जाऊ दिली तर? तर काजवा मंदावतो! उजळलेला कण प्रकाश देणार, इतक्यात त्याला पाण्याचा कण धडकतो आणि त्याची शक्ती काढून घेतो. म्हणजे आकडा पुन्हा कमी. पाणी काढलं तरी पंचाईत, ठेवलं तरी पंचाईत. इकडे आड, तिकडे विहीर!

मग आम्ही काय करतो? इंजिनापासून यंत्रापर्यंतची नळी सगळीकडून तापती ठेवतो, साधारण १९० अंशांना. त्यामुळे वाटेत थेंब धरत नाही. पुढे आधी त्या तापलेल्या डबीत नायट्रोजन डायऑक्साइडचं नायट्रिक ऑक्साइड करून घेतो, आणि त्यानंतरच वायू थंड करून पाणी काढतो. नायट्रिक ऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे तो सटकत नाही. आधी रूपांतर, मग पाणी काढणं. क्रम उलटा केला की हिशोब चुकलाच.

या क्रमाची आणि त्या तापत्या नळीची किंमत मला एका रात्री कळली.

एका इंजिनाची चाचणी सुरू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक होती. इंजिनाला नॉक्स नष्ट करणारी जादा यंत्रणा जोडायची की नाही, ते त्या बैठकीत ठरायचं होतं. ती यंत्रणा महाग, जड आणि जागा खाणारी. ती नको, असंच जवळजवळ सगळ्यांना वाटत होतं. दुपारी एका ठरावीक भाराला आकडा आला होता ४२. रात्री त्याच भाराला, तितक्याच वेगाला आकडा आला २७! नव्याने नोकरीला लागलेला एक मुलगा तर खुर्चीवरून उठून टाळ्याच वाजवायला लागला. २७ म्हणजे जादा यंत्रणेची गरजच नाही. चला, सुटलो!

आमचे साहेब मात्र चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “इंजिन तेच. भार तोच. बाहेरची हवासुद्धा फारशी बदललेली नाही. मग पंधरा गेले कुठे?”

कुणाला उत्तर येईना. साहेब म्हणाले, “आकडा वाईट आला की आपण दहा वेळा तपासतो. चांगला आला की एकदाही तपासत नाही. आज तपासू या.”

इंजिन बंद केलं. हायड्रोजनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. सगळ्या नळ्यांतून नायट्रोजन सोडून आत राहिलेला वायू बाहेर घालवला. हे सगळं झाल्याखेरीज कुठलाही जोड उघडायचा नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. मग आमचे फिटरकाका नळीच्या कडेकडेने तापमान बघत निघाले. मधल्या एका जोडापाशी थांबून म्हणाले, “ताई, इथे बघा. ही हातभर नळी थंड पडलीय.”

नळीभोवती गुंडाळलेल्या हीटरच्या तारेचा तेवढाच तुकडा जळाला होता. तापमान दाखवणारा सेन्सर दुसऱ्या टोकाला, तिथे सगळं आलबेल. काकांनी जोड सोडवला. आतून पाण्याचे चार-सहा थेंब काचेच्या वाटीत पडले. साहेबांनी टेबलाच्या खणातून लिटमस कागद काढला. हो, तुमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत असतो ना, तोच निळा लिटमस. थेंबात बुडवला आणि तो लालभडक झाला.

आम्ही सगळे त्या कागदाच्या तुकड्याकडे बघत राहिलो. हरवलेले पंधरा तिथे होते. पाण्यात विरघळून त्यांचं आम्ल झालं होतं.

तार बदलली. नळी पुन्हा तापवली. यंत्र पुन्हा तपासलं आणि पहाटे तीच चाचणी पुन्हा घेतली. आकडा आला ४१. बैठकीत तोच सांगितला. जादा यंत्रणा जोडायची ठरलं. काहींची तोंडं उतरली, पण त्या दिवशी साहेबांबद्दलचा माझा आदर दुणावला. विचार करा, त्या २७ वर विश्वास ठेवून इंजिनं रस्त्यावर आली असती तर? तो नॉक्स आमच्या नळीत अडकला होता, रस्त्यावर कुठल्याही नळीत अडकला नसता. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलांच्या नाकात गेला असता. आणि सगळ्यांच्या हातात कागद असता, ‘इंजिन स्वच्छ आहे’ म्हणून.

पाणी आणखी एका प्रकारे फसवतं. समजा, तुमच्या वर्गात १०० मुलं आहेत आणि त्यांत २ डावखुरी आहेत. म्हणजे २ टक्के. एक दिवस २० मुलं सहलीला गेली, पण डावखुरी दोघं शाळेतच राहिली. आता ८० मुलांत २ डावखुरी, म्हणजे अडीच टक्के! डावखुरी मुलं वाढली का? मुळीच नाही. बाकीची मुलं कमी झाली. आमच्याकडे पाणी काढून टाकल्यावर अगदी हेच होतं. नॉक्स तेवढाच राहतो, पण पीपीएमचा आकडा वाढतो. हायड्रोजनच्या वायूत वाफ पेट्रोलपेक्षा जास्त, म्हणून हा फुगवटाही जास्त. मग कोरडे आकडे शेजारी शेजारी ठेवून पेट्रोल आणि हायड्रोजनची तुलना केली तर ती हायड्रोजनवर अन्याय करणारी होते. म्हणून आम्ही शेवटी विचारतो, इंजिनाने एवढं काम केलं, त्यापायी एकूण किती ग्रॅम नॉक्स सोडला? ग्रॅम पाण्याने फुगत नाहीत.

पाहिलंत? एका ठिकाणी पाणी इंजिनाला उगाच चांगलं ठरवतं, दुसऱ्या ठिकाणी उगाच वाईट. आमचं काम चांगलं ठरवायचंही नाही आणि वाईट ठरवायचंही नाही. असेल ते सांगायचं. अगदी पावसाळ्याचाही हिशोब ठेवावा लागतो. पुण्याची जुलैतली हवा दमट असते, आणि दमट हवेत इंजिन थोडा कमी नॉक्स करतं. म्हणून हवेत किती ओलावा होता तेही दरवेळी लिहून ठेवतो. नाहीतर श्रेय पावसाचं आणि शाबासकी इंजिनाला!

“पण मावशी, हायड्रोजनचा स्फोट होतो ना? तुला भीती नाही वाटत?” हा भाच्याचा दुसरा प्रश्न. (आणि माझ्या आईचा पहिला!)

भीतीपेक्षा मला त्याच्याबद्दल आदर वाटतो असं म्हणीन. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती लगेच कळते. इथे तशी सोय नाही. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही हायड्रोजन असला तरी तो पेट घेऊ शकतो. आणि पेटायला ठिणगी किती लागते? पेट्रोलच्या वाफेला लागते तिच्या दहाव्या हिश्शाइतकीसुद्धा पुरे. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीसुद्धा चालते त्याला. म्हणून चाचणीच्या खोलीत आम्ही सुती कपडे आणि खास बूट घालून जातो. मोबाइल बाहेर ठेवतो.

आणखी कहर म्हणजे शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. पूर्वी अमेरिकेत नासाचे कामगार हायड्रोजनच्या टाक्यांजवळून जाताना काय करायचे, ठाऊक आहे? हातात लांब दांड्याचा गवती झाडू पुढे धरून चालायचे. झाडूने पेट घेतला की समजायचं, पुढे आग आहे! रॉकेट उडवणाऱ्यांच्या हातात केरसुणी! आता अशी आग ओळखणारे खास कॅमेरे आणि सेन्सर निघाले आहेत.

हायड्रोजन हवेपेक्षा १४ पट हलका. म्हणून तो गळला की सरळ छताकडे धावतो. स्वयंपाकाचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे आमचे गळती ओळखणारे सेन्सर छताला लावलेले आहेत आणि तिथेच मोठे पंखे वायू बाहेर काढून टाकतात. हवेत ४ टक्के व्हायची वाट आम्ही बघत नाही. ०.४ टक्क्यांनाच भोंगा वाजतो आणि आणखी वाढलं की हायड्रोजन आपोआप बंद होतो. चाचणीआधी नळ्यांचे सगळे जोड साबणाचं पाणी लावून तपासतो, पंक्चरवाला ट्यूब तपासतो ना, तसे.

पण मोजणाऱ्याला एक जादा धोका असतो. समजा, इंजिनात एखादी ठिणगी पडलीच नाही. मग न जळलेला हायड्रोजन तसाच बाहेर येतो आणि आमच्या तापत्या नळीतून थेट यंत्राकडे निघतो. जो वायू मोजायचा तोच पेटायला तयार! म्हणून यंत्राच्या वाटेवर आम्ही बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवतो. ज्योत त्या छिद्रांत शिरली की थंड होऊन विझते. हंफ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षा-दिवा बनवला, त्यातही अशीच जाळी होती. हायड्रोजनसाठी मात्र छिद्रं फारच बारीक लागतात. आणि मोजून झालेला वायू खोलीत न सोडता नळीने छपराबाहेर सोडतो.

न जळलेला हायड्रोजन किती, हेही मोजावंच लागतं. कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रं इन्फ्रारेड किरणांवर चालतात, आणि त्या किरणांना हायड्रोजन दिसतच नाही. मग त्याच्यासाठी वेगळी युक्ती. हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट वेगाने उष्णता वाहून नेतो. एक तापलेली तार ठेवायची. ती भराभर थंड व्हायला लागली की समजायचं, पाहुणे आले! पिस्टनच्या कडेने निसटून थोडा हायड्रोजन खाली ऑइलच्या कप्प्यातही जातो. तिथे तो साचू नये म्हणून हवा खेळती ठेवतो आणि त्याचं प्रमाणही सतत मोजतो.

आता मला तुमचा एक घोळ करायचा आहे. समजा, छतावरचा सेन्सर ‘शून्य’ दाखवतोय. याचा अर्थ काय? खोलीत हायड्रोजन नाही, हा एक अर्थ. पण सेन्सर बिघडला असेल तरीसुद्धा तो शून्यच दाखवेल! एक खरं शून्य आणि एक मुकं शून्य. दोघं दिसायला जुळ्या भावांसारखी. ओळखायची कशी? एकच उपाय. त्याला प्रश्न विचारायचा. सेन्सरपाशी अगदी थोडा, मोजून-मापून तयार केलेला हायड्रोजनमिश्रित वायू सोडायचा. तो बोलला, तर त्याच्या शून्यावर विश्वास. नाही बोलला, तर दिवसभर काम बंद. नॉक्सच्या यंत्रालाही रोज दोन बाटल्या दाखवतो. एकीत शुद्ध वायू, दुसरीत ठरावीक नॉक्स असलेला, प्रमाणपत्राचा वायू. पहिलीला शून्य आणि दुसरीला बरोबर तो आकडा आला तरच चाचणी सुरू. चाचणी संपल्यावर पुन्हा तेच. वाण्याच्या तराजूवर शिक्का असतो ना, तसा हा आमचा रोजचा शिक्का.

शून्याची एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेत शिकागोजवळ आरगॉन नॅशनल लॅबोरेटरी आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी फक्त हायड्रोजनवर चालणाऱ्या दोन बीएमडब्ल्यू ‘हायड्रोजन ७’ गाड्या तपासल्या आणि २००८ मध्ये निकाल सांगितले. १२ सिलिंडरचं भलंमोठं इंजिन. शहरी चाचणीत त्या गाड्यांना १०० किलोमीटरला ३.७ किलो हायड्रोजन लागला. म्हणजे बाहेर पडलं सुमारे ३३ लिटर पाणी. दोन मोठ्या कळशा भरून!

आता गंमत बघा. इंधनात कार्बन नसला तरी इंजिनात वंगणाचं ऑइल असतं, ते किंचित जळतं. शिवाय ओढून घेतलेल्या हवेतही रस्त्यावरच्या इतर गाड्यांचे, कारखान्यांचे हायड्रोकार्बन थोडेफार असतातच. म्हणून आत जाणारी हवासुद्धा मोजावी लागते आणि तिचा वाटा वजा करावा लागतो. भांड्याचं वजन वजा करून तूप मोजतात, तसंच. हे सगळं केल्यावर मिथेनखेरीजच्या हायड्रोकार्बनचा आकडा आला शून्य. म्हणजे गाडीने बाहेरच्या हवेतली ही घाण उलट थोडी कमीच केली होती. पण त्याच निकालात नॉक्स आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापुढे मात्र शून्य लिहिलं नाही. ते कडक अमेरिकी मर्यादेच्या अगदी लहानशा हिश्शाइतके होते, पण होते. जिथे शून्य आलं तिथे शून्य, जिथे थोडं आलं तिथे थोडं. मला त्या निकालात हे सगळ्यांत आवडलं.

हायड्रोजनचं इंजिन चांगलं की वाईट, असं मला कुणी एका शब्दात विचारलं तर मी उत्तर देत नाही. ते फार चांगलं होऊ शकतं, एवढं मी रोज डोळ्यांनी बघते. पण ते चांगलं व्हायचं असेल, तर कुणीतरी त्याच्या पांढऱ्या वाफेला न भुलता तिच्यात हात घालून बघायला हवं. उद्या तुमच्यापैकी कुणीतरी ते काम करणार आहे, कोण जाणे!

तयारी म्हणून आजच एक करून पाहा. (हायड्रोजनचा प्रयोग मात्र घरी मुळीच नाही. तो शाळेत, सरांच्या किंवा बाईंच्या देखरेखीखालीच करायचा.) स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. रिकामा काटा शून्य दाखवतो का ते पाहा. मग त्यावर न फोडलेली एक किलोची मिठाची पिशवी ठेवा. आकडा एक किलोच्या जवळपास येतो का? तुमचं शून्य खरं आहे की मुकं, ते लगेच कळेल. आणि कुठे ‘शून्य प्रदूषण’ असं लिहिलेलं दिसलं, तर तीन प्रश्न विचारायला विसरू नका. कुठे मोजलं? कशाने मोजलं? आणि ज्याने मोजलं, ते यंत्र त्या दिवशी कुणी तपासलं होतं का?